पाचाच्या कड्याला सरस लावू नये

९ जानेवारी

दादा,

साष्टांग नमस्कार घालायला प्रयोगशाळेत जागा नाही, म्हणून उभ्याउभ्याच घालते. फोन का केला नाहीस असं विचारशील, तर फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. पत्रात निदान भांडण पोचेपर्यंत राग शिळा झालेला असतो.

तुझ्याकडे काम आहे. आमच्या कॉलेजात रेणू जोडून दाखवायची एक प्लास्टिकची पेटी आहे. तिच्यातले निम्मे गोळे मुलांनी खिशातून नेले, उरलेल्यांत काड्या बसत नाहीत. प्राचार्य म्हणाले, नवी पेटी मागवा. मी म्हटलं, माझा भाऊ लेथवर लाकडी खेळणी करतो, तो अशी करून देईल की पुढच्या दहा तुकड्या वापरतील. "भाऊ? म्हणजे घरचं काम?" असं म्हणून त्यांनी कडू काढा प्यायल्यासारखं तोंड केलं. तेव्हा माझी लाज तुझ्या हातात आहे.

काम असं. कार्बन म्हणजे चार हातांचा गडी. चारही हात एकमेकांपासून होतील तेवढे लांब धरून उभा असतो, त्यामुळे कुठल्याही दोन हातांत एकशे साडेनऊ अंशांचा कोन पडतो. म्हणून मला लिंबाएवढे काळे गोळे हवेत, प्रत्येकाला चार भोकं, कोन मी सांगितला तोच. हायड्रोजनसाठी गोटीएवढे पांढरे गोळे, त्यांना एकेकच भोक. आणि जोडायला काड्या. हे गडी हात धरून गोल उभे राहिले की पुस्तकात त्याला वलय म्हणतात, आपण कडं म्हणू. मला जास्त करून पाचाची कडी हवीत, थोडी सहाची. जोडूनच पाठव. पाचाच्या कड्यावर मी अख्खा तास घेणार आहे आणि तो बघायला प्राचार्य मागच्या बाकावर बसणार आहेत.

आता दुसरं. आईला ९ मार्चला ऐंशी पूर्ण होतील. काय हवं असं विचारलं तर म्हणाली, "काही नको. पाचही जण एकदम एका टेबलाशी बसा, मी बघते." आपण पाचही एकदम कधी बसलो होतो, तुला आठवतं? मला नाही आठवत. मागच्या वर्षी जुळ्यांतला चष्मेवाला रुसला होता, कारण आईने बिनचष्म्याच्याला आधी वाढलं. त्याच्या आधी तू, कारण कोणीतरी तुझ्या घोड्याला गाढव म्हणालं. यंदा अक्काची पाळी, असं ऐकते. आणि कारण तू, असंही ऐकते. काय केलंस रे बाबा? मोकळेपणाने लिही. मी एकटीच कधी रुसत नाही, म्हणून मध्यस्थी कायम माझ्याच गळ्यात पडते.

तुझी,
शेंडेफळ


१७ जानेवारी

शेंडेफळास अनेक आशीर्वाद आणि थोडा भुसा. पत्र झटकून वाच.

एकशे साडेनऊ अंश ही काय चेष्टा आहे का गं? शंभर म्हण, एकशे दहा म्हण. तो अर्धा अंश कोणाच्या पोटात दुखत होता? पण घेतलं काम. आधी साचा केला, त्यात गोळा घट्ट बसतो आणि ड्रिल हवं त्याच तिरक्या रेषेत आत जातं. पहिले सहा गोळे चुलीत गेले. सातवा बघून तुझी वहिनी म्हणाली, "आता हा तुमच्यासारखा दिसतो. कुठूनही बघा, कोणाकडे तरी बोट दाखवतोच."

सहाचं कडं मला आवडलं नाही. सपाट ठेवू म्हटलं तर काड्या मोडायला येतात, मोकळं सोडलं की दोन टोकं वरखाली होऊन आरामखुर्चीसारखं दिसतं. पण पाचाचं कडं! अगं, पंचकोनाचा कोन एकशे आठ. म्हणजे फरक दीडच अंशाचा. ढगाळ हवेत लाकूड त्याहून जास्त फुगतं. टेबलावर ठेवलं की ताटासारखं सपाट. असं काम हातून झालं की माणसाला जेवण गोड लागतं.

एकच खोड आहे. हात लावला की डुगडुगतं. एक कोपरा खाली दाबावा तर दुसरा वर येतो. तू काळजी करू नकोस, त्याचं मी बघतो.

अक्काचं विचारतेस. मी उपकार केले, दुसरं काही नाही. तिच्या पुढच्या दाराचा तळ फरशीला घासायचा. उघडताना रेड्यासारखं रेकायचं. मी रंधा मारून दार नीट करून दिलं. आता करंगळीने ढकललं तरी उघडतं. त्यावर बाई चिडल्या! तेव्हापासून माझ्याशी अबोला, आणि आईच्या वाढदिवसाला "तो येणार असेल तर मी नाही" असा निरोप. सुताराने दार नीट केलं म्हणून रागावणारी बाई मी या जन्मात पहिल्यांदा पाहिली. चांगुलपणाचे दिवस राहिले नाहीत.

तू तिच्याशी बोल. आईने दुसरं काही मागितलेलं नाही, तेव्हा पाचही जण बसलेच पाहिजेत. मी टेबल मोठं करायला घेतलंय.

दादा


२५ जानेवारी

दादा,

अक्काशी बोलले. कान अजून गरम आहे.

तू लिहिलंस, "दार नीट करून दिलं." हे लिहायचं राहून गेलं, की ती घरात नव्हती, आणि तिने सांगितलंही नव्हतं! ती कापड आणायला बाजारात गेली, तू भावोजींकडून किल्ली घेतलीस, दार बिजागरीतून काढलंस, रंधा मारलास, भुसा झाडलास आणि चहा पिऊन निघून गेलास. धन्य आहे तुझी.

अरे, ती वरच्या मजल्यावर शिवत बसते. मशीनच्या आवाजात तिला खालचं काही ऐकू येत नाही, फक्त ते दार ऐकू यायचं. दार रेकलं की तिला कळायचं, गिऱ्हाईक आलं. किती रेकलं त्यावरून कोण आलं तेही कळायचं म्हणे. आता माणसं भुतासारखी थेट पाठीशी येऊन उभी राहतात. परवा वकीलबाईंनी मागून "झाला का कोट?" म्हटलं आणि अक्काच्या हातून कात्री थेट कॉलरमधून गेली. तो कोट नवा शिवून द्यायचा आहे तिला.

मी म्हटलं, दादाचा हेतू चांगला होता. ती म्हणाली, "त्याचा हेतू लहानपणापासून चांगलाच आहे. माझ्या बाहुलीची मान हलायची म्हणून खिळा ठोकला होता त्याने." यावर मला हसू आवरलं नाही, आणि ते तिने ऐकलं.

तू सरळ जाऊन चुकलं म्हण. तेवढं म्हणायला काय जातं?

गोळे कधी पाठवतोस? माझा तास ८ फेब्रुवारीला आहे.

शेंडेफळ


३ फेब्रुवारी

शेंडेफळास,

सोबत खोकं. सगळी कडी जोडून, पॉलिश पेपर मारून, रंगवून पाठवली आहेत. डुगडुगण्याची खोड मुळापासून काढली. आता एकही हलत नाही. तुझ्या प्राचार्यांना म्हणावं, वर उभे राहा.

चुकलं म्हणायला माझी हरकत नाही, पण काय चुकलं ते आधी कळू दे. रेकणारं दार रेकत ठेवायचं, ही कुठली रीत? टेबल झालं. दहा माणसं बसतील.

दादा


१० फेब्रुवारी

दादा,

सरस! सरस कुठून सुचला रे तुला?

खोकं सात तारखेला संध्याकाळी आलं. मी म्हटलं, मुलांसमोरच फोडू, मजा येईल. आली मजा. वर पाचाची कडी चकाकत होती, वर्ग "अरे वा" म्हणाला, मागच्या बाकावर प्राचार्यांनीही मान उंचावली. मी एक कडं हातात घेतलं आणि ऐटीत म्हटलं, "मुलांनो, हे दिसतं सपाट, पण सपाट राहत नाही. नुसतं बोट लावा." बोट लावलं. काही नाही. अंगठा लावला. काही नाही. दोन्ही हातांनी पिळलं. कडं ढिम्म. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. शेवटी टेबलावर आपटलं, तेव्हा दोन हायड्रोजन उडाले आणि त्यातला एक गडगडत प्राचार्यांच्या बुटापाशी जाऊन थांबला.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे तर हलतच नाही. मग पुस्तक चुकलंय का?"

प्राचार्य जाताना एवढंच म्हणाले, "घरचं काम छान असतं. पण घरीच."

मग मी रसायनांच्या कोठीत गेले, दार लावून घेतलं आणि बाटल्यांकडे तोंड करून रडले. कड्यांसाठी नाही रे. इथे येऊन इतकी वर्षं झाली आणि अजून मी जेवणाच्या सुट्टीत एकटीच डबा खाते. त्या दिवशी वाटलं होतं की तास रंगेल, चार जण येऊन म्हणतील, बाई, काय सुंदर शिकवलंत, आणि हा तुमचा भाऊ कोण? तसं काही झालं नाही. हे तुला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगणार?

बरं, झालं ते झालं. आता पाचाचं कडं हलायलाच का हवं, ते ऐक. तुझा कोनाचा हिशेब खरा आहे, सपाट ठेवलं तर कोन छान बसतो. पण प्रत्येक गड्याचे उरलेले दोन हात आहेत ना, हायड्रोजन धरलेले? सपाट कड्यात ते शेजाऱ्याच्या हातांच्या अगदी समोर येतात. प्रत्येकाचं कोपर शेजाऱ्याच्या बरगडीत. मग पाचातला एक जण वर उचलला जातो, पाकिटाचं झाकण उघडं राहावं तसा. तेवढ्याने आजूबाजूच्यांना हात हलवायला जागा होते. पण तोही कायमचा वर राहत नाही. तो खाली बसतो न बसतो तोच शेजारचा वर गेलेला असतो. असं आळीपाळीने, सतत चालू. चार जण खाली, एक वर. यात बिघाड काही नाही दादा, ते कडं असंच सुखात असतं. तू ज्याला खोड म्हणालास तोच माझा धडा होता, आणि त्यालाच तू सरस लावलास.

लिहितालिहिता हसू आलं, कारण हे तर आपलंच घर. यंदा वर अक्का. फक्त ती एकदा वर गेली की लवकर उतरत नाही. रुसण्यात तिने डॉक्टरेट केली आहे आणि प्रबंध अजून वाढतोच आहे. लहानपणी ती पलंगाखाली रुसून बसायची तेव्हा सोबत बिस्किटांचा डबा आधीच नेऊन ठेवायची, विसरलास? तयारीने रुसणारी बाई आहे ती. आणि तू दुसऱ्या टोकाचा. तुला वाटतं, सगळ्यांना एकदा चिकटवून टाकलं की काम संपलं.

मी रागावलेली नाही. पण सरस? खरंच?

शेंडेफळ


१९ फेब्रुवारी

शेंडेफळास,

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी लेथला हात लावला नाही. एवढं सुबक काम आणि त्याची ही गत! मनात म्हटलं, आता हिला साधी भिंगरीसुद्धा करून द्यायची नाही. तिसऱ्या दिवशी तुझ्या वहिनीने एक बिनसरसाचं कडं माझ्या चहाशेजारी आणून ठेवलं आणि म्हणाली, "बघा तरी."

बसलो बघत. एक कोपरा दाबला, पलीकडचा उठला. तो दाबला, त्याच्या शेजारचा उठला. चहा गार झाला. मी म्हटलं, च्यायला, हे तर मी आयुष्यभर करत आलोय. याला दाब, त्याला दाब.

मग उठलो आणि तडक अक्काकडे गेलो. दार करंगळीने उघडलं, जिना चढलो, तिच्या पाठीशी जाऊन उभा राहिलो, आणि ती दचकून किंचाळली तेव्हा मला पुरतं कळलं. म्हटलं, अक्का, चुकलो. विचारायला हवं होतं. ती मशीन थांबवून माझ्याकडे वळली. तुला ठाऊकच आहे, मला याच्या पुढे बोलता येत नाही. म्हणून खिशातून तुझं पत्र काढलं आणि तिच्या हातात दिलं. म्हटलं, यात सगळं नीट लिहिलंय, तू वाच.

वाचत गेली आणि तोंड मुरडत गेली. कोठीपाशी आली तेव्हा चष्मा काढून ब्लाउजच्या कापडाने पुसला. पुढे डॉक्टरेटपाशी आली तेव्हा "कार्टी!" म्हणाली, आणि बिस्किटांपाशी इतकी हसली की भावोजी खालून बघायला आले. माझ्यावरचा राग गेला! दाराच्या तळाला पट्टी ठोकून दिली. तिला उभं करून, विचारून ठोकली. तिने चारदा उघडून ऐकलं आणि म्हणाली, "अजून थोडं रेकू दे."

तर ९ मार्चला ती येते आहे. पाचही जण! तुझ्या पत्राने काम केलं, माझं काही नाही. अक्काने संध्याकाळी आईला सगळं सांगितलं, कोठीचंही. आईने जुळ्यांना सांगितलं. तेही तुला फोन करणार आहेत. एकटी डबा खातेस म्हणून चष्मेवाल्याचे डोळे भरून आले म्हणे. आता तुला कळेल, आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत.

तुझी गाडी कधीची?

दादा


२३ फेब्रुवारी

माननीय बंधुवर्य,

आपले पत्र पोचले. जुळ्यांचे फोनही पोचले. बिनचष्म्याच्याने विचारले, "कोठीत कुठल्या बाटलीकडे बघून रडलीस?" चष्मेवाला स्वतःच इतका रडला की त्याची समजूत मला घालावी लागली. आईने तर फोनवर नुसतं "जेवलीस का?" विचारलं. अक्काचं एका ओळीचं कार्ड आलं: "प्रबंध पूर्ण झाला, आता तुझा सुरू कर."

आपण समेट घडवून आणलात, अभिनंदन. ९ मार्चला कॉलेजात परीक्षा असून पर्यवेक्षण माझ्याकडे आहे. सबब मला येणे जमणार नाही. कळावे.

नाही, कळावे कसले, तुला कळणारच नाही. दादा, मी ते पत्र तुला लिहिलं होतं. अक्काला नाही, आईला नाही, त्या दोन माकडांना तर नाहीच. आईला मी दर फोनवर सांगते की इथे माझं छान चाललंय, सगळ्यांबरोबर जेवते. ऐंशी वर्षांच्या बाईला उगीच घोर नको म्हणून सांगते. इतक्या वर्षांचं ते सगळं एका दिवसात गेलं. आणि घरात एक माणूस असा होता की ज्याच्यापाशी मी काहीही बोलावं आणि ते तिथेच राहावं. तोही गेला, याचं जास्त दुखतं.

मला न विचारता माझं पत्र खिशात घालून गेलास. आणि वर लिहितोस, अक्काला विचारून पट्टी ठोकली!

कृपया पत्र लिहू नये.

आपली भगिनी


२६ फेब्रुवारी

शेंडेफळा,

लिहू नये म्हणालीस, तरी लिहितो. एवढं एक मोडतो.

तुझं या वेळचं पत्र कोणाला दाखवलं नाही. वहिनीने विचारलं, काय लिहिलंय? म्हटलं, माझं आणि तिचं आहे.

खरं सांगू का, पत्र अक्काच्या हातात देताना मला वाटलं होतं की मी फार शहाणपणा करतोय. दाराचं चुकलं असं म्हणत असतानाच खिशात हात घालून पुन्हा तेच केलं. माझ्या हातून असं का होतं कळत नाही. समोर काही कुरकुरताना दिसलं की मला बसवतच नाही. तुझं कोठीचं वाचून मला रात्री जेवण गेलं नव्हतं. काय करावं सुचेना, आणि मग सगळ्यांना सांगितलं की काहीतरी होईल असं वाटलं. तुला ते चालेल का, हे मनातच आलं नाही. चुकलो. तुझी तिथली दुपार तुझी होती.

वाढदिवसाला यायचं की नाही ते तू ठरव. मी आग्रह करत नाही, आणि आग्रह न करणं मला किती जड जातंय हे वहिनीला विचार. जुळ्यांनाही सांगितलंय की तुला फोन करून डोकं खायचं नाही. आईला आम्ही चौघं सांभाळून घेऊ. तुझी खुर्ची मात्र ठेवणार, त्याबद्दल बोलू नकोस.

पाचाची नवी कडी केली आहेत. सरस नाही. पाठवू का? विचारतोय.

दादा


२८ फेब्रुवारी

बाळे,

डोळे दगा देतात म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे. कागद जास्त लागला तरी लागू दे.

इथे सगळे माझ्याशी दबक्या आवाजात बोलतात. दादा रोज येतो, खिडकीपाशी बसतो, "येईल ती" म्हणतो आणि जातो. अक्का येते, दादाला काही कळत नाही म्हणते आणि जाते. जुळे दोघं एकदमच येतात. काल चौघंही स्वयंपाकघरात उभे होते आणि तुझ्याबद्दल बोलत होते. मी बटाटे सोलत ऐकत होते. कधी नव्हे ते चौघांचं एकमत!

पाचांनी एकदम बसा, असं मी दरवर्षी म्हणते. तुम्ही बसत नाही हे मला ठाऊक आहे, मी जन्म दिलाय तुम्हाला. पण एक जण रुसला की उरलेले चौघं त्याची चर्चा करायला माझ्याकडे येतात. सगळे आपापल्या घरी खुशीत असता तर या म्हातारीच्या दारात कोण उभं राहिलं असतं? म्हणून मी कोणाचं रुसणं फारसं मनावर घेत नाही. करू दे, म्हणते.

तुझं मात्र मनावर घेतलं. बाकीचे रुसतात ते चालत जायच्या अंतरावर. अक्का रुसली तर मी तिच्या गल्लीतून जाते, तिचं मशीन ऐकू येतं, मी समजते की बरी आहे. तू रुसलीस की मला काही ऐकूच येत नाही.

तू सगळ्यांबरोबर जेवतेस हे मला कधीच खरं वाटलं नव्हतं. डब्यात काय होतं असं विचारलं की तू नेहमी तुझ्या एकटीच्याच डब्याचं सांगायचीस, दुसऱ्या कोणाच्या नाही. मी गप्प बसले, कारण तुला सांगायचं नव्हतं. तेव्हा माझ्यापासून काही लपलं होतं, असं धरू नकोस, आणि दादाने काही फोडलं असंही धरू नकोस.

रुसायचं असेल तर रुस. पण इथे येऊन रुस.

आई


५ मार्च

आई,

पर्यवेक्षण बदलून घेतलं. भूगोलाच्या बाईंना विचारायला गेले तर त्या एकट्याच डबा खात बसल्या होत्या. आमच्याच मजल्यावर, दोन दारं सोडून. लगेच हो म्हणाल्या, आणि मला बसवूनच घेतलं.

आठ तारखेला दुपारच्या बसने निघते, संध्याकाळी पोचेन. कोणी न्यायला येऊ नये. कडी मी तिथेच बघेन, हातात घेऊन, आणि हलली तरच नेईन. त्या पहिल्या बाकावरच्या मुलीला उत्तर द्यायचं राहिलंय.

दादाला सांग, मी त्याच्याशी बोलणार नाही. टेबलाशी नाही, नंतरही नाही, निदान दोन दिवस तरी नाही. मीठ हवं असेल तर मी अक्काकडे मागेन आणि ती त्याच्याकडे मागेल.

आणि माझी खुर्ची त्याच्या शेजारी ठेव.

शेंडेफळ